कान शिणू नयेत म्हणून

६ जुलै, रविवार

ऑफिसचा मेल परवा आला. पंधरा सप्टेंबरपासून पुण्यात प्रत्यक्ष हजर राहायचं, घरून काम बंद. मी विजेच्या मीटरमधलं सॉफ्टवेअर तपासते. ते डोणगावात बसूनही तपासता येतं, असं मी त्यांना लिहिलं. उत्तर सभ्य होतं आणि नकार होता.

प्रश्न बाबांचा आहे. काचबिंदूने त्यांची नजर गेल्या दिवाळीपर्यंत पूर्ण गेली. ती परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. कृषी केंद्र आता आई चालवते. सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते, आणि सध्या खताच्या दिवसांत त्याहून उशिरा. मी गेले की मधला सगळा दिवस बाबा एकटे. जेवण झाकून ठेवता येईल. मोरीपर्यंत दोरी बांधली आहे, ती त्यांना लागतही नाही. दिवस भरायचा कशाने, एवढंच उरतं.

डोळ्यांचं काम कानांना द्यायचं, असं मी ठरवलं. बाबा दर श्रावणात ओट्यावर पोथी वाचायचे, आळीतले लोक ऐकायला बसायचे. यंदा ते होणार नाही. म्हणून पोथीवाचनाचं एक चांगलं रेकॉर्डिंग मिळवलं. वयस्क आवाज, संथ, कुठे गाणं नाही की पेटी नाही. माझा छोटा ब्लूटूथ स्पीकर पुढच्या खोलीत त्यांच्या खाटेशी ठेवला आणि लावून दिलं. थोड्या वेळाने बाबांनी चाचपत बटण शोधलं आणि बंद केलं.

"काय झालं?"

"कान शिनले."

"आवाज मोठा होता का?"

"नाही वं, बरोबर होता. शिनले, बस."

९ जुलै

"शिणले" हे लक्षण आहे, कारण नाही. लॅपटॉपला मोजमापाचा माइक जोडून स्पीकर तपासला. अंदाज होता तेच निघालं. तीन हजार हर्ट्झच्या आसपास आलेखाला मोठा उंचवटा आहे. माणसाचा कान नेमका तिथेच सगळ्यात हळवा असतो. "स", "श", "च" ही अक्षरं तिथे टोचतात. एवढ्याशा डब्याला खालचा आवाज झेपत नाही, म्हणून तो कुथून काढतो. ती आवाजाची विकृती वेगळी.

दुकानात चार मिनिटं ऐकून निवडलेला स्पीकर चार तास ऐकायला वाईट निघतो, तो यामुळेच. दुकानात चमक आवडते. घरी तीच चमक कानात रुतते. मला कमी चमकणारा स्पीकर हवा आहे.

खोलीही दोषी आहे. खाली फरशी, चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टर, वर टिनपत्रे. टाळी वाजवली तर तिची शेपटी ऐकू येते.

बाबा म्हणाले, "कायले टाळ्या वाजवून राह्यली?"

"खोली तपासते."

"खोली माही हाये. मले विचार ना."

१३ जुलै, रविवार

आज मोजमाप बिघडलं. हिंमतकाका आले. हिंमतराव, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची शेती आहे. फाटकातूनच सुरू होतात.

"काय बे नाऱ्या, दिसते का काही?"

"तुहं थोबाड दिसत नाही, तेवढं बरं हाये."

"मंग तुह्या डॉक्टरले माह्याकडून शंभरातले शंभर."

दोघं ओट्यावर बसले. इतकंच बोलणं झालं. नंतर जे झालं त्याला मी संभाषण म्हणणार नाही. हायवेवरून गाडी गेली की काका म्हणायचे, "भरेल हाये." बाबा म्हणायचे, "मालेगावकडून आली." मग पुढची गाडी येईपर्यंत काही नाही. काकांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, पाणी उतरवायची गोळी सुरू आहे. सारखे उठून मागच्या बाजूला जात होते. परत येऊन पुन्हा तसेच बसायचे. दुपार अशी गेली. उठताना काका म्हणाले, "चाल, लय गोष्टी झाल्या."

असे लोक दिवसभरात येत असतात. भाजीवाल्या रुक्मिणीबाई रस्त्यावरूनच ओरडतात, "नारायणभाऊ, पालक हाये, बाईले सांगा." आमच्या दुकानात निघालेला कुणीतरी फवाऱ्याचं विचारायला थांबतो. मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये असते तेव्हा हे सगळं माइकमध्ये जातं.

१९ जुलै

मेहकरहून स्पीकरची जोडी आणली. लाकडी पेटी, वरच्या पट्टीचा आवाज काढायला कापडी घुमट, म्हणजे ट्वीटर. धातूच्या घुमटापेक्षा हा बराच वेळ ऐकायला मऊ असतो. भिंतीपासून हातभर पुढे, घुमट कानाच्या उंचीला, तोंड थोडं आत वळवलेलं. समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, टाळीची शेपटी जवळजवळ गेली. आवाजाची पातळी साध्या बोलण्याएवढीच ठेवली.

आई रात्री आली, भिंतीकडे बघत उभी राहिली. "भिंतीले गोधड्या अन् मानसाले चादर. शिकलेल्या पोरीचं घर हाये, समजून जाते."

आलेख आता जवळपास सपाट आहे, वरच्या टोकाला किंचित उतरता. याहून चांगलं या खोलीत होणार नाही.

२१ जुलै

होणार आहे, असं दिसतं. बाबा आधीपेक्षा जास्त वेळ बसले, पण ऐकताना मान सारखी हलवत होते, आवाज शोधत असल्यासारखी. मी त्यांच्या जागी डोळे मिटून बसले तेव्हा कळलं. दोन स्पीकरमधून एकच आवाज आला की तो मधोमध हवेत उभा राहतो आणि मान वळवली की सरकतो. डोळस माणसाचे डोळे त्याला जागेवर धरून ठेवतात. बाबांना ती सोय नाही. त्यांचा मेंदू दिवसभर एका सरकत्या माणसाचा पाठलाग करणार. थकवा येईलच.

बोलणारा एक आहे तर स्पीकरही एकच हवा. दुसरा काढून टाकला. राहिलेला कोपऱ्यात पाटावर, उशी घालून, मांडी घालून बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे ठेवला.

संध्याकाळी आई चपला काढता काढता दबक्या आवाजात म्हणाली, "कोन आलं हाये?"

हे मी चाचणीचा निकाल म्हणून नोंदवते आहे.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. एक दोष अजून होता. प्रत्येक अध्याय संपला की रेकॉर्डिंगमध्ये रिकामी जागा यायची, मग खट्ट, मग पुढचा अध्याय. त्या रिकाम्या जागेत बाबा दर वेळी दचकायचे, बंद पडलं समजून हात पुढे करायचे. मी सगळे अध्याय जोडून एक सलग फाइल केली, मधली शांतता कापली, सांधे गुळगुळीत केले. संपली की पुन्हा पहिल्यापासून. आता बाबांना कशालाही हात लावावा लागत नाही.

सकाळी लावलं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. त्यांनी बंद केलं नाही.

२९ जुलै

पहिल्यांदाच मला वाटतं आहे की हे जमेल. आजही सबंध सकाळ. आवाज इतका स्वच्छ आहे की फाटकाशी उभं राहून प्रत्येक शब्द कळतो, आणि तरी खोलीत बसलं तर मोठा वाटत नाही. विकृती कमी असली की असं होतं.

रुक्मिणीबाई फाटकाशी आल्या होत्या. ओरडल्या नाहीत. टोपली खाली ठेवली, हात जोडले, मला खुणेनेच पालकाची जुडी दिली. "चालू द्या, चालू द्या," एवढंच म्हणाल्या. समजूतदार बाई आहे. फवाऱ्यावालेही या आठवड्यात कुणी आले नाहीत. माझ्या मीटिंगा शांततेत झाल्या.

२ ऑगस्ट

हिंमतकाका आले होते. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाच्या आत येऊन चपला काढून उभे राहिले. मी "या ना" म्हटलं तर तोंडावर बोट ठेवून हातानेच नको म्हणाले. बराच वेळ उभे होते, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत. मग चपला घालून गेले. घाईत असावेत.

बाबांना सांगितलं नाही. ऐकण्यात मग्न होते.

७ ऑगस्ट

बाबांनी आज अकराच्या सुमारास बंद केलं.

"शिणले का?"

"हाव."

मी पुन्हा माइक लावला. आलेखात बदल नाही. उशी एका बाजूला दबली होती, ती सरळ केली.

"अनु, आज कोनी आल्तं का?"

"नाही."

"काल?"

"नाही."

"मळणी तर लागली नसन ना अजून."

मूग अजून उभा आहे, असं मी सांगितलं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "लाव. चांगला वाचते बुवा."

११ ऑगस्ट

बराच वेळ ऐकण्यातला थकवा कधी कधी वरच्या पट्टीच्या किंचित जास्त धारेतून येतो, ती आलेखात दिसतही नाही. वरचा भाग आणखी उतरवला. आवाज आता शेणानं सारवलेल्या खोलीत बोलल्यासारखा आहे. मला स्वतःला तो तासन् तास ऐकवतो. काम करताना मागे चालू असतो आणि मी विसरून जाते.

बाबा ओट्यावर जायचं टाळत आहेत. खाटेवरच पडून ऐकतात. ज्वारीची भाकरी अर्धी ठेवली. आई म्हणाली श्रावणात भूक मंदावते. शक्य आहे.

१४ ऑगस्ट

पोथीचा कंटाळा आला असेल म्हणून जुनी गाणी लावली, मग शेतीच्या बातम्या, मग एक कथाकथन. प्रत्येक वेळी विचारलं, कसं वाटतं.

"चांगलं हाये."

"पोथी बरी की हे?"

"तुले कोनतं बरं वाटते?"

"माझा प्रश्न नाही, बाबा. तुम्हाला दिवसभर ऐकायचं आहे."

"मंग पोथीच राहू दे. तिले अर्थ तरी हाये."

पुन्हा पोथी लावली. ऐकताना त्यांचा चेहरा फाटकाच्या बाजूला होता. स्पीकर विरुद्ध कोपऱ्यात आहे. डावा कान चांगला असेल का? कानांची तपासणी करून घ्यायला हवी.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी फाटकाशी ऑटो थांबली. हिंमतकाका आणि सुभद्राकाकू उतरले. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, तोंड सुजलेलं. मी पुण्याच्या घरमालकाशी फोनवर होते. काका फाटकाच्या आत आले, चपला काढल्या, ओट्याच्या पायरीपर्यंत आले आणि थांबले. आत वाचन चालू होतं. काकूंनी त्यांचा दंड धरला होता. ऑटोवाल्याने हॉर्न दिला, काकूंनी मागे वळून त्याच्याकडे डोळे वटारले. मग काकांनी बाबांच्या खोलीच्या दिशेने हात वर केला, जसा रस्त्यापलीकडच्या माणसाला करतात, आणि दोघं गेले.

माझा फोन संपला तेव्हा रस्ता रिकामा होता. बहुधा दवाखान्यात निघाले असतील.

बाबांनी विचारलं, "ऑटो कोनाची होती?"

"कुणाची तरी. थांबून गेली."

२६ ऑगस्ट, मंगळवार

सुभद्राकाकू मागच्या दाराने आल्या. मी स्वयंपाकघरात होते. त्या कुजबुजत बोलत होत्या.

"घराले कुलूप लावायले आली होती. दोन दिस इथं, मंग परत अकोल्याले. म्हटलं जाता जाता विचारून घ्यावं, नेम कधी पुरा होते?"

"कसला नेम?"

"डोळ्याचा. नारायणभाऊनं अखंड पोथी लावली ना."

मी म्हणाले नेम नाही, स्पीकर आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरकट थट्टा करते आहे. मी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. बाबा झोपले होते. कोपऱ्यात पाट, पाटावर उशी, उशीवर पेटी, आणि पेटी वाचत होती. काकूंनी आधी हात जोडले, मग सोडले.

"मी समजली, बामन बसवला."

स्वयंपाकघरात परत आल्यावर त्यांनी सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं लिहिते आहे. काकांना आता आठवड्यातून दोनदा रक्त गाळून घ्यावं लागतं. मुलगा अकोल्याला आहे, तिथेच कायमचं राहायचं ठरलं. काकांना ते स्वतः बाबांना सांगायचं होतं.

"तीनदा आल्ते ते. पहिल्यांदा एकटेच आल्ते. आता पोथी मधात कशी तोडावी? म्हनले, अध्याय सरला का बोलतो. अध्याय सरेच ना. आत येऊन बसावं तर आरती होयपर्यंत उठता येत नाही, अन् त्याइले तर घडीघडी उठा लागते. दुसऱ्यांदाबी तसंच. मंग निघायच्या दिवशी ऑटो थांबवली."

"मला सांगायचं होतं, काकू. मी होते."

"तू कानाले ते लावून बोलत होती, माय. अन् गावात सारे म्हनतेत, नारायणभाऊ कोनाशी बोलत नाहीत, नेमात हायेत. कोन जाईन मंग?"

अध्यायामधली शांतता मी पंचवीस जुलैला कापली.

२६ ऑगस्ट, पुढे

बाबा उठल्यावर स्पीकर बंद केला आणि सांगितलं. आधी वाक्यं मनात जुळवून घेतली होती: लोक का आले नाहीत, हिंमतकाका कुठे गेले, त्यात माझं काय चुकलं. क्रमाने सांगितलं.

मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "ऑटोत पुढं बसला का मागं?"

"मागे."

"मंग तब्येत लय खराब हाये. हिंमत मागं बसत नाही."

२८ ऑगस्ट

फोन लावून दिला. स्पीकरवर ठेवला म्हणजे बाबांना कानाशी धरावा लागणार नाही.

"काय बे हिंमत."

"काय बे. झाला का नेम?"

"कायचा नेम. पोट्टीनं डबा आनला वाचनारा."

"सुभद्रा सांगे. म्या तं पाया पडून आलो तुह्या डब्याच्या."

दोघं हसले. मग बाबा म्हणाले, "जेवला का?" काका म्हणाले, "पथ्याचं." मग काही नाही. दोघंही थांबले होते, ओट्यावर थांबायचे तसे. तिकडून मुलाचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? बाबा, लाइन कटली वाटते." काका म्हणाले, "कटली नाही रे, बोलून राह्यलो." पुन्हा शांतता. मग फोन खरंच बंद झाला. मुलाने ठेवला असावा.

मी परत लावू का विचारलं.

"राहू दे. फोनवर बसता येत नाही."

३१ ऑगस्ट, रविवार

पाच दिवस स्पीकर बंद. रुक्मिणीबाईंना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना, समोरच्या घरी, सगळ्यांना मी स्वतः सांगितलं की नेम नव्हता, तुम्ही येत जा. सगळे म्हणाले, "हो हो, येतो." कुणी विश्वास ठेवला असं वाटत नाही. रुक्मिणीबाई आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, नेम मधातच मोडला, हे डोळ्याले चांगलं नाही.

आईचं म्हणणं, आता नव्हता म्हणून चालणार नाही. गावाच्या लेखी लागलेली पोथी आहे, तिची सांगता केली की प्रश्न मिटेल. लोकांना जेवायला बोलवायचं, पोथीची पूजा करायची, मग येणं-जाणं मोकळं.

मी म्हटलं, "म्हणजे आपणच कबूल करायचं की नेम होता."

"तुले लोकं पायजे का खरं पायजे?"

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "करा. तेवढंच गर्दी होईन."

मग मी विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाही. स्पीकर नको होता तर पहिल्याच दिवशी म्हणायचं.

"नको कुठं होता? तू इतकी खटपट करून राह्यली होती. आवाज चांगलाच होता." मग म्हणाले, "चालू असला का बाहेरचं ऐकू येत नाही. बंद केला का ऐकू येते, कोनी येऊन राह्यलं नाही ते. दोन्हीनं कान शिनतेत."

४ सप्टेंबर, गुरुवार

सांगता झाली. वरण, भात, पुऱ्या, बुंदी. आईने दुकान बंद ठेवलं. घर भरलं, ओटा भरला, रस्त्यावर सतरंजी टाकावी लागली. बाबांना धुतलेलं धोतर नेसवून मधोमध बसवलं. मी पंगतीत वाढत होते, त्यामुळे सगळं जवळून ऐकलं.

कुणीही बाबांना चिडवलं नाही. फवाऱ्याचं कुणी विचारलं नाही. लोक येत होते, वाकून पायांना हात लावत होते, "आता फरक पडन, महाराज" म्हणत होते आणि पंगतीला बसत होते. बाबांच्याच वयाचे उकंडराव, जे जून महिन्यात त्यांना "आंधळ्या, पत्ते खेळतो का" म्हणत होते, ते हात जोडून म्हणाले, "माह्या गुडघ्यासाठी दोन शब्द घाला देवाकडं." बाबा म्हणाले, "उकंड्या, पागल झाला का?" उकंडराव हसले नाहीत. मागे सरले.

जेवून हात धुऊन सगळे उठले. ज्याच्या घरी नुकतं मोठं कार्य झालं आहे तिथे फार वेळ रेंगाळायचं नसतं.

बाबांनी मला हाक मारली. "गेले सारे?"

"हो."

"उकंड्या?"

"तेही गेले."

९ सप्टेंबर

स्पीकर हवा असेल तेव्हाच लागतो. अध्यायांच्या मधे पुन्हा रिकामी जागा घातली, आधी होती त्याच्या तिप्पट. आवाज एवढा कमी की फाटकाशी काही ऐकू येत नाही. तिथे उभं राहून तपासलं. जे कारण होतं ते काढून टाकलं आहे. कामात एवढं पुरतं. कारण काढलं की दोष जातो.

आज रस्त्यावरून जाणारे लोक फाटकाशी आल्यावर अजूनही आवाज खाली करतात. एक म्हातारी फाटकालाच नमस्कार करून गेली. रुक्मिणीबाई पालक मुकाट्याने कठड्यावर ठेवून जातात. बाबांना पालकाचा वास येतो तेव्हा कळतं.

दिवसभर बघायला एक बाई ठेवायची का, असं आईशी बोलले. बाबांनी ऐकलं. "मले बघायले कोनी नको," म्हणाले. "मी काय बघायची वस्तू हाये?"

मी ऑफिसला आणखी एक मेल लिहिला. महिनाभराची मुदत मागितली. उत्तर सभ्य होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार. पुणे

काल दुपारी निघाले. आई डबा देऊन दुकानात गेली. फवारणीचे दिवस आहेत, गर्दी होती. स्टँडवर जायला ऑटो सांगितली होती.

बॅग दारात ठेवून मी बाबांना सगळं पुन्हा सांगितलं, कोणतं बटण, जेवण कुठे, फोनवर माझा नंबर कसा लावायचा. ते खाटेवर बसून होते. म्हणाले, "ते लावून दे."

"कुठला अध्याय?"

"कोनताही."

मी लावलं. हल्लीच्या कमी पातळीवर.

"वाढव."

वाढवला.

"अजून."

"बाबा, एवढा मोठा फार वेळ ऐकवणार नाही. कान दुखतील."

"फार वेळ कोन ऐकते? तुही ऑटो वळली का मी बंद करतो. मले तिचा आवाज नको, बस."

मी आणखी वाढवला. पेटीच्या वरच्या पट्टीत धार यायला लागली, "स" टोचायला लागला. त्यांनी मान हलवली, की आता ठीक.

ऑटो डिझेलची होती, सायलेन्सर फुटलेला. तिच्यावर तेवढा आवाज पुरला की नाही, मला सांगता येणार नाही.